अक्षरांचे ओतारी : जावजी दादाजी

आपल्यापैकी ज्यांनी संस्कृत किंवा मराठी हा विषय घेतला आहे, त्यांच्या हाती ग्रंथालयातले एखादे जुने, पिवळ्या पानांचे पुस्तक कधी ना कधी आलेच असेल. ‘शाकुंतल’ असो, ‘अमरकोश’ असो किंवा एखादे पंचमहाकाव्य असो, शीर्षकपानावर प्रथम कवीचे नाव असते, त्याखाली टीकाकाराचे, त्याखाली संशोधक पंडितांचे, आणि अगदी तळाशी लहान अक्षरांत ‘मुंबई, निर्णयसागर मुद्रणालय’ असे छापलेले असते. पहिल्या तीन नावांवर आपल्याला परीक्षेत प्रश्न येतात. चौथ्या ओळीकडे आपण पाहत नाही. प्रस्तुत लेख त्या चौथ्या ओळीमागच्या माणसाविषयी, म्हणजे जावजी दादाजी चौधरी यांच्याविषयी आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक घरगुती कारण आहे. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, खिळेजुळारी होते. १९६४ साली ते गिरगावातल्या एका लहानशा छापखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि पुढची तीस वर्षे त्यांनी शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली. १९९४ मध्ये त्या छापखान्याने जुळणीचे खाते बंद केले, खिळे वजनावर मोडीत घातले आणि जुळाऱ्यांना घरी पाठवले. त्यानंतर आमच्या घरची मंडळी गिरगावची खोली सोडून भाईंदरला गोडदेव येथे राहावयास आली. आजोबांच्या तोंडी दोनच माणसांची नावे आदराने येत, एक विठोबाचे आणि दुसरे जावजीशेटचे. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिले नाही, जो त्यांच्या जन्मापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधीच गेला होता, त्याच्याविषयी एका कामगाराला एवढा जिव्हाळा का वाटावा, हे मला समजून घ्यावयाचे होते.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात झाला. त्यांच्या जन्माच्या वेळी मराठी छपाईचे वय फारसे नव्हते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण बंगालमध्ये श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत छापले गेले होते. मुंबईत १८१३ साली अमेरिकन मिशनरी आले आणि १८१७ च्या सुमारास त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. याच मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाछापात अक्षर हाताने लिहून दगडावर उतरवावयाचे असते, त्यामुळे लेखकाचे वळण चांगले असले तर छपाई चांगली दिसते. खिळ्यांच्या छपाईत मात्र अक्षर आधी धातूत घडवावे लागते आणि ते एकदा बिघडले की हजारो पानांवर तेच बिघडलेले अक्षर उमटत राहते. त्या काळचे देवनागरी खिळे ओबडधोबड होते. पोथी वाचण्याची सवय झालेल्या लोकांना छापील पान परके वाटे, आणि त्यात काही नवल नव्हते.

घरच्या गरिबीमुळे जावजींना शाळेचा लाभ फारसा झाला नाही. वयाच्या दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये पगारावर नोकरीस लागले. काम होते खिळे घासण्याचे. हे काम म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

छापण्याचे अक्षर तयार करताना प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर ते अक्षर उलटे कोरतात. याला ठसा किंवा पंच म्हणतात. कोरून झाल्यावर पोलादाला पाणी देऊन तो कठीण करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यात अक्षराचा खोलगट साचा उमटतो, त्याला मातृका म्हणतात. ही मातृका हातसाच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओततात. रस थिजला की खिळा तयार होतो. परंतु साच्यातून निघालेल्या खिळ्याला खाली शेपूट राहते आणि बाजूंना कंगोरे राहतात. शेपूट मोडावयाचे, बाजू दगडावर घासून सपाट करावयाच्या, आणि प्रत्येक खिळा शेजारच्या खिळ्याला केसाचेही अंतर न ठेवता टेकेल असा करावयाचा. घासणाऱ्याने जास्त घासले तर ओळ सैल पडते, कमी घासले तर अक्षर वाकडे उभे राहते. मोठ्या माणसांनी कंटाळून पोरांकडे सोपवलेले हे काम. बोटे काळी होत, शिशाची धूळ नाकातोंडात जाई. दहा वर्षांच्या जावजींना मुळाक्षरांची खरी ओळख पाटीवर झाली त्याहून अधिक या घासणीच्या दगडावर झाली असावी, असे मला वाटते.

त्या छापखान्याचे मुद्रक टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी अक्षर सुधारण्याच्या खटपटीत होते. जीवनवल्लभ नावाच्या कारागिराच्या मदतीने त्यांनी नवे, अधिक सुबक आणि लहान आकाराचे मराठी खिळे तयार करविले. अक्षर लहान झाले की कागद कमी लागतो आणि पुस्तक स्वस्त होते, हा त्यामागचा व्यवहार. पण ते लहान होऊनही वाचनीय राहिले पाहिजे, हा त्यातला कठीण भाग. जावजी हे सगळे जवळून पाहत होते. घासणीवरून ते ओतकामाकडे आले, मातृका कशी ठोकावी आणि रस किती तापवावा हे शिकले. पुढे इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा मुंबईतल्या छापखान्यांत त्यांनी नोकऱ्या केल्या. एकाच धंद्याची निरनिराळी अंगे त्यांना अशा रीतीने पाहावयास मिळाली.

१८६४ साली, म्हणजे वयाच्या पंचविशीत, जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. मुंबईच्या इतिहासात हे वर्ष विलक्षण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला होता, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात जो तो सट्ट्याच्या मागे लागला होता. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, युद्ध संपले, भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. अशा दिवसांत एका पगारदार कारागिराने साठवलेला पैसा शिसे आणि तांबे यांत घातला. या उद्योगात त्यांना साथ मिळाली ती राणोजी रावजी आरू यांची. राणोजी हे ठसे कोरणारे कसबी कारागीर होते. जावजींना अक्षर कसे हवे ते कळत होते आणि राणोजींच्या हातात ते पोलादावर उतरवण्याची कला होती. ‘निर्णयसागर’च्या अक्षराचे श्रेय देताना ही दोन्ही नावे एकत्र घेतली पाहिजेत.

आता मी थोडा वेळ वाचकांना मुंबईबाहेर नेतो, कारण जावजींनी काय साधले हे कळण्यासाठी त्याच काळात इंग्रजी अक्षराचे काय चालले होते हे पाहणे उपयोगाचे आहे. मिशनच्या छापखान्यात मराठीबरोबर इंग्रजी कामही चालत असे. त्यामुळे ही दोन जगे एकमेकांना अगदी अपरिचित नव्हती.

रोमन लिपीतील छापील अक्षराच्या टोकांना बारीक आडव्या पट्ट्या असतात, जणू अक्षराचे पाय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जाहिरातींचा, सोडतींच्या भित्तिपत्रकांचा सुळसुळाट झाला आणि दुरून दिसणारे, डोळ्यांत भरणारे अक्षर हवेसे झाले. १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी असे एक अक्षर बाजारात आणले, ज्याचे पाय बारीक नसून विटेसारखे जाड आणि चौकोनी होते. नेपोलियनच्या स्वारीमुळे त्या वेळी सगळीकडे इजिप्तचे वेड होते, म्हणून अशा अक्षरांना ‘इजिप्शियन’ असेच नाव पडले. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या ओतशाळेने याच जातीचे पण जरा मवाळ असे ‘क्लॅरेंडन’ अक्षर काढले. ते साध्या मजकुरात मधेच एखादा शब्द ठळक करण्यासाठी वापरता येत असे, त्यामुळे शब्दकोशकारांना ते फार सोयीचे झाले. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातील मूळ शब्द याच अक्षरात छापले गेले. पुढे टंकलेखन यंत्राचे अक्षरही बहुधा याच जाड पायांच्या कुळातले निघाले.

इंग्रजीजवळ दुसरे एक साधन आधीपासून होते, ते म्हणजे कललेले अक्षर, ज्याला इटालिक म्हणतात. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियस यांनी व्हर्जिलचे काव्य खिशात मावेल अशा लहान आकारात छापले, तेव्हा फ्रान्सेस्को ग्रिफो यांनी कोरलेले हे अक्षर त्यांनी प्रथम सबंध पुस्तकासाठी वापरले. ते विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून घेतलेले होते. नंतर त्याचा उपयोग बदलला. परभाषेतील शब्द, ग्रंथाचे नाव, जोर देण्याचा शब्द यांसाठी ते सरळ अक्षराच्या सोबतीला येऊ लागले.

जाड पायांचे अक्षर कलते करावयाचे ठरले की कोरणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. इटालिक हे लेखणीच्या धावेतून जन्मलेले, त्याला जडपणा सोसत नाही. आणि इजिप्शियन हे ठोकळ्यांचे, त्याला धाव ठाऊक नाही. अशा वेळी दोन मार्ग असतात. पहिला मार्ग सोपा : सरळ अक्षर तसेच्या तसे एका बाजूस ढकलून द्यावयाचे. दुसरा कष्टाचा : प्रत्येक अक्षराचा कल, गोलाई, पायाची जाडी पुन्हा नव्याने रेखाटावयाची. सोप्या मार्गाने केलेले अक्षर पडायला आलेल्या भिंतीसारखे दिसते. कष्टाच्या मार्गाने केलेले अक्षर धावणाऱ्या माणसासारखे दिसते, म्हणून खेळाडूंचे सदरे, मालमोटारी, दुकानांचे फलक यांवर ते शोभते. एवढा हा भेद लक्षात ठेवावा, कारण लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

आता परत जावजींकडे येऊ. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन जातींची अक्षरे नाहीत. कलत्या अक्षराची परंपरा नाही. रोमन अक्षर पायांवर उभे असते, आपले अक्षर शिरोरेघेला टांगलेले असते. म्हणून पायांना ठोकळे लावण्याचाही प्रश्न येत नाही. उलट आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांचा पसारा एवढा की एका जातीच्या टाइपाला शेकडो निरनिराळे खिळे लागतात. इंग्रजी जुळाऱ्यापुढे दोन केसा असत, मराठी जुळाऱ्यापुढे चार. आजोबा सांगत की पहिली दोन वर्षे माणूस अक्षर जुळवीत नाही, नुसती घरे पाठ करतो.

अशा लिपीत संस्कृत ग्रंथ सटीक छापणे म्हणजे केवढे अवघड काम! एका पानावर कवीचा मूळ श्लोक असतो, त्यावरील टीका असते, नाटक असेल तर प्राकृत संवादाची संस्कृत छाया असते आणि निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद असतात. चार माणसे एका पानावर एकाच वेळी बोलत असतात आणि वाचकाला कोण काय बोलतो ते क्षणात कळले पाहिजे. इंग्रजी मुद्रकाने अशा वेळी इटालिक, क्लॅरेंडन, मोठी लिपी असे सर्व उपाय वापरले असते. निर्णयसागरच्या पानावर हेच काम मुख्यतः अक्षराच्या आकाराने केलेले दिसते. मूळ श्लोक मोठ्या टाइपात, टीका त्याखाली लहान टाइपात, पाठभेद तळाशी त्याहून बारीक टाइपात. एकही अक्षर कललेले नाही, तरी कोणाचा आवाज कोणाच्या आवाजात मिसळत नाही. ग्रंथालयात असे एखादे पान उघडून हातभर अंतरावरून पाहावे. मजकूर वाचण्यापूर्वीच त्याची रचना डोळ्यांना कळते.

हे साधण्यासाठी मोठ्या टाइपात जे वळण आहे तेच वळण अगदी बारीक टाइपातही टिकले पाहिजे. लहान अक्षरात ‘ष’चे पोट शाईने भरून गेले किंवा ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत भेद दिसेनासा झाला, तर टीका वाचणे म्हणजे शिक्षाच. म्हणून लहान आकार हा मोठ्या आकाराची केवळ छोटी प्रतिकृती असून चालत नाही; प्रत्येक आकारासाठी ठसे वेगळे कोरावे लागतात. राणोजींच्या हाताची आणि जावजींच्या डोळ्याची खरी परीक्षा इथे झाली. बोरूच्या तिरक्या कापाने पोथीत जे जाड-बारीक वळण उमटते, त्याची आठवण त्यांच्या पोलादी अक्षरात राहिली. त्यामुळे पोथीवाल्या शास्त्र्यालाही हे छापील पान परके वाटेनासे झाले.

१८६९ साली जावजींनी ‘निर्णयसागर’ हा स्वतःचा छापखाना काढला. मुंबईत काळबादेवीजवळ कोलभाट गल्लीचा पत्ता या छापखान्याच्या पुस्तकांवर पुढे कायम दिसतो. आपणच अक्षर ओतावयाचे आणि आपणच ते छापावयाचे, अशी सोय झाल्यामुळे खिळे झिजले की ते वितळवून नवे ओतता येत आणि पानावरचे अक्षर नेहमी ताजे राही. छापखान्याच्याच नावाचे पंचांग घरोघर गेले. पंचांगाची छपाई म्हणजे आकड्यांची आणि कोष्टकांची कसोटी. एक अंक चुकला तर कुणाचा उपवास चुकायचा, कुणाचा मुहूर्त! विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठी असलेले ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून निघू लागले, तेही याच छापखान्यातून. मोरोपंत-वामनादी जुन्या मराठी कवींची कविता देणारे ‘काव्यसंग्रह’ मासिक वामन दाजी ओक यांच्या संपादकत्वाखाली १८९० पासून निर्णयसागरने प्रसिद्ध केले.

परंतु जावजींचे नाव हिंदुस्थानाबाहेरही गेले ते संस्कृत ग्रंथांमुळे. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ हे संस्कृत मासिक सुरू झाले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. तोवर हस्तलिखितांत पडून असलेली कितीतरी काव्ये, नाटके, अलंकारशास्त्रावरील ग्रंथ या मालेतून प्रथमच छापून बाहेर आले. जे ग्रंथ पाहण्यासाठी एखाद्या संस्थानिकाच्या पोथीखान्याची किंवा एखाद्या शास्त्र्याची मर्जी संपादन करावी लागे, ते टपालाने मागवता येऊ लागले. शुद्ध छपाई हे निर्णयसागरचे बिरुद झाले आणि युरोपातील विद्वानांच्या टेबलावरही ही पुस्तके जाऊन पोहोचली.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. ज्या मुलाला दहाव्या वर्षी शाळा सोडून शिशाची धूळ खावी लागली, ज्याच्या समाजातील मुलाला त्या काळी वेदशास्त्रांच्या पाठशाळेत कोणी बसू दिले नसते, त्याच मुलाने मोठेपणी कालिदास आणि बाण यांचे ग्रंथ कुणालाही विकत घेता येतील असे केले. त्यांनी यावर व्याख्याने दिली नाहीत, निबंध लिहिले नाहीत. त्यांनी पंडितांना मानाने बोलावले, त्यांच्याकडून पाठ तपासून घेतले आणि पुस्तक छापले. आपल्या वर्गात आज अनेकजण असे आहेत की ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. मीही त्यांतलाच एक आहे. संस्कृतचे पुस्तक हातात घेताना हे आपले नव्हे असे ज्यांना आत कुठेतरी वाटते, त्यांनी शीर्षकपानाची तळची ओळ अवश्य वाचावी.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी दादाजींचे निधन झाले. तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी धंदा सांभाळला आणि वाढवला. पुढील काळातील पुस्तकांवर पांडुरंग जावजी हे नाव दिसते. ‘काव्यमाला’ विसाव्या शतकातही चालू राहिली. आज तो छापखाना पूर्वीच्या रूपात उरलेला नाही. पण त्याच्या अक्षराचे वळण उरले आहे. देवनागरीची दोन वळणे त्या काळी प्रचारात होती, एक कलकत्त्याकडचे आणि एक मुंबईचे. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही अक्षरे दोहोंत वेगळी लिहिली जात. स्वातंत्र्यानंतर लिपीचे प्रमाणीकरण झाले तेव्हा हिंदीनेही या अक्षरांचे मुंबई वळण स्वीकारले. ते वळण देशभर डोळ्यांना परिचित करून देण्यात निर्णयसागरच्या पुस्तकांचा वाटा मोठा होता. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कै. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हे अक्षर रेखाटले. पोलाद गेले, शिसे गेले, तरी अक्षराचा विचार करणारी माणसे महाराष्ट्रात होत राहिली.

आता मघाशी लक्षात ठेवावयास सांगितलेल्या भेदाकडे येतो. आमच्या गोडदेव नाक्यावरून भाईंदर स्टेशनकडे जाताना दोन्ही बाजूंच्या दुकानांवरचे फलक मी हल्ली मुद्दाम पाहत जातो. इंग्रजी नाव अनेकदा त्याच जाड पायांच्या, पुढे झुकलेल्या अक्षरांत असते. ते धावताना दिसते, कारण कुणीतरी ते तसे रेखाटलेले असते. त्याच्या शेजारी मराठी नाव असते, तेही तेवढेच कललेले. पण ते कुणी रेखाटलेले नसते. संगणकाची एक कळ दाबून ढकललेले असते. शिरोरेघ आडवीच्या आडवी राहते आणि तिला टांगलेले काने मात्र तिरपे होतात. रफार आपल्या अक्षरावरून घसरून पुढच्या अक्षराकडे जातो. गोलाईची जाडी जिथे असावी तिथून सरकते. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षराहून लहान नसावे असे ठरले. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु कायदा अक्षराची उंची मोजू शकतो. त्याचे वळण पाहण्याचे काम आपलेच राहते.

आमच्या अंकाच्या तयारीत हाच प्रश्न निघाला. मराठी विभागाची शीर्षकेही इंग्रजी विभागासारखी जाड आणि कलती असावीत, म्हणजे अंक आधुनिक दिसेल, असे काही मित्रांचे म्हणणे पडले. मी विरोध केला तेव्हा एका मित्राने मला योग्य प्रश्न विचारला : जावजींचे अक्षरही एके काळी नवेच नव्हते काय? मग नव्याला विरोध का? त्याचे म्हणणे खरे आहे. जावजी जुन्याचे रक्षक नव्हते. पोथीचे अक्षर त्यांनी पोलादात आणले, हा त्या काळचा बदल आजच्या कुठल्याही बदलाहून मोठा होता. शिवाय मराठी अक्षराला कल शोभतच नाही असेही नाही. आपल्या वहीतले हस्ताक्षर कलते असते. कुंचल्याने पाट्या रंगवणारे जुने रंगारी झोकदार कलती अक्षरे काढीत आणि ती सुंदर दिसत, कारण त्यांचा हात प्रत्येक अक्षरापाशी थांबून विचार करी. माझा आक्षेप कलण्याला नाही. कुणी चार-सहा महिने बसून मराठीचे जाड, कलते अक्षर नव्याने रेखाटले, त्यात वेलांटी कुठे बसावी आणि काना किती झुकावा याचा विचार केला, तर तो राणोजी आरूंचाच वारसदार ठरेल आणि मी ते अक्षर आनंदाने वाचीन. माझा आक्षेप आहे तो हा विचार कळीवर सोपवण्याला. इंग्रजी अक्षरासाठी कुणी कष्ट घ्यावेत आणि मराठी अक्षराने त्याच्यामागे नुसते फरफटत जावे, ही विभागणी मला मान्य नाही.

आजोबांना मी संगणकावर असे एक कलते पान दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पान बराच वेळ पाहिले आणि बोटाने एकेक रफार दाखवीत तो कुठल्या अक्षराचा आहे असे मला विचारू लागले. दोन ठिकाणी मला सांगता आले नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तेच पान ठेवले. त्यावर चर्चा होऊन शीर्षके सरळ, पण दोन आकारांत मोठी घ्यावीत असे ठरले. लेखाचे नाव मोठ्या टाइपात आणि लेखकाचे नाव लहान टाइपात, अशी ही मांडणी आपण या अंकात पाहत आहात.

याच बैठकीत मी आणखी एक विनंती केली. आपल्या अंकात प्राचार्यांचे नाव असते, संपादक मंडळाचे असते, जाहिरातदारांचेही असते. ज्याने ही शेकडो पाने जुळवली, मुद्रिते आल्यावर रात्री बसून आपल्या चुका दुरुस्त केल्या, त्याचे नाव कुठेच नसते. ते नाव शीर्षकपानाच्या मागे, तळाच्या ओळीत का होईना, छापावे असे मी सुचवले आहे. मंडळाने ते मान्य केले.